भाता आपला, भाता त्यांचा

ऑर्गन म्हटलं की हल्ली आधी अवयवदान आठवतं. ते मोठंच काम आहे, पण त्यावर पुन्हा कधीतरी बोलू. आजचा ऑर्गन वाजवायचा आहे. एक आपल्या संगीत नाटकातला, आणि दुसरा ज्याच्यासाठी रशियातल्या एका बाईंनी संगीत रचलं तो. दोघे नातलग आहेत. ते नातं कळलं की दूरदेशीची अवघड वाटणारी रचनाही कानाला थोडी ओळखीची वाटायला लागते.

वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात किंवा आणखी कुठे संगीत नाटकाचा प्रयोग लागला, तर पडदा उघडायच्या आधी रंगमंचाच्या पुढच्या बाजूला बघा. एका अंगाला तबला असतो आणि दुसऱ्या अंगाला ऑर्गन. लांबून जुन्या लिहायच्या टेबलासारखा दिसतो. वाजवणारा त्याच्यासमोर स्टुलावर बसतो आणि त्याचे पाय खाली दोन पायपट्ट्यांवर आळीपाळीने चालत असतात. आपल्यातल्या ज्यांनी पायाचं शिवणयंत्र चालवलंय त्यांना हे लगेच समजेल. तिथे पायाने चाक फिरतं, इथे पायाने भाता हलतो. पाय थांबले की थोड्या वेळात आवाजही थांबतो.

आवाज येतो कुठून? आपल्या भजनाच्या पेटीचं झाकण काढून कुणी पाहिलं असेल तर आत पितळेचे छोटे तुकडे ओळीने बसवलेले दिसतात. त्यांना सूर म्हणतात, रीडही म्हणतात. प्रत्येक सुरात एक पातळ पितळी जीभ असते. तिचं एक टोक पक्कं बसवलेलं, दुसरं मोकळं. भात्याची हवा तिच्या फटीतून गेली की ती थरथरते आणि त्या थरथरण्याचा आवाज होतो. लांब जीभ सावकाश थरथरते म्हणून खर्जाचा सूर देते, आखूड जीभ भरभर थरथरते म्हणून वरचा सूर. गुजरातेतलं पालिताणा आपल्याला जैन मंदिरांमुळे माहीत असतं, पण पेटीवाल्यांना ते गाव सुरांसाठी माहीत असतं.

पेटी आणि नाटकातला ऑर्गन यांचं पोट असं एकाच जातीचं आहे. फरक आहे तो श्वासाचा. हातपेटीत डावा हात भात्यातच अडकतो, वाजवायला एकटा उजवा उरतो. ऑर्गनमध्ये भाता पायांकडे गेला आणि दोन्ही हात मोकळे झाले. उजवा हात गायकाच्या मागोमाग जातो, डावा हात खालच्या सप्तकात सूर भरून ठेवतो. शिवाय पेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो, तर अमेरिकन घडणीच्या ऑर्गनचा भाता हवा आत ओढतो. म्हणजे पेटी उसासा टाकते आणि ऑर्गन श्वास घेतो, असं म्हणायला हरकत नाही. त्याचा आवाज म्हणूनच जास्त गोल आणि मऊ येतो. समोर काही खुंट्या असतात. एखादी ओढली की सुरांची वेगळी रांग उघडते आणि आवाजाचा रंग बदलतो. आवाज लहानमोठा करायला गुडघ्याने दाबायची एक दांडीही असते. दोन हात, दोन पाय आणि गुडघा, सगळे एकाच वेळी वेगवेगळ्या कामाला. सकाळी सहा वाजताचं आपलं स्वयंपाकघर याहून वेगळं नसतं.

यांचं एक थोरलं भावंड आहे, नळ्यांचा ऑर्गन. मुंबईत फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये तो आहे. त्यात बहुतेक सूर जिभेने नाही, बासरीसारखे नळीतून निघतात. लहान नळी बोटाएवढी, मोठी नळी माणसापेक्षाही कितीतरी उंच, आणि अशा नळ्या शेकड्यांनी. हातांसाठी पट्ट्यांचे दोन-तीन थर असतात आणि पायांसाठीही वेगळ्या पट्ट्या. इथे पायाने भाता हलवायचा नसतो, पायाने खर्ज वाजवायचा असतो. पूर्वी भाता ओढायला मागे माणसं लागत, आता ते काम विजेवर होतं. नळीतली हवा संपत नाही, त्यामुळे बोट ठेवलंय तोवर सूर तसाच उभा राहतो. माणसाच्या गळ्याला जे जमत नाही ते हे वाद्य सहज करतं, आणि म्हणूनच ते ऐकताना कधी कधी भीतीही वाटते.

युरोपात हा मोठा ऑर्गन मुख्यतः चर्चमध्ये वाढला. आपल्याकडे त्याचं धाकटं, पायाचं भावंड बोटीने आलं ते मिशनऱ्यांच्या प्रार्थनाघरांसाठी आणि साहेबांच्या दिवाणखान्यांसाठी. मराठी माणसाने ते उचललं आणि थेट नाटकाच्या मांडवात नेऊन ठेवलं.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलं आणि संगीत नाटकाची लाट सुरू झाली. तेव्हा माईक नव्हते. भरलेल्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचवायचं, वन्समोअर आला की तेच पद पुन्हा गायचं, आणि पहाटेपर्यंत आवाज टिकवायचा. अशा गायकाला मागे धरायला काहीतरी भक्कम लागतं. गोविंदराव टेंबे हे मोठे हार्मोनियमवादक. १९११ साली आलेल्या ‘मानापमान’ला त्यांनी चाली दिल्या, आणि १९१३ साली बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासोबत गंधर्व नाटक मंडळी काढणाऱ्यांत तेही होते. पेटी जाणणारा माणूस नाटकाच्या चाली बांधतो तेव्हा साथीचं वाद्य कोपऱ्यात दबून राहत नाही. गंधर्व मंडळीच्या वैभवाच्या काळात ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा अशी साथ असे. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांत गाण्याखाली जो दाट, न तुटणारा सूर लागतो तो ऑर्गनचा. रुक्मिणी किंवा भामिनी झालेला तो गळा त्या सुरावर विसावतो, सुटतो, परत येऊन बसतो. पुढच्या पिढीत गोविंदराव पटवर्धनांनी आणि गोव्यातल्या बोरीच्या तुळशीदास बोरकरांनी हेच काम केलं. बोरकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली.

आता एक गोष्ट रेडिओवरून सांगताना मला गंमत वाटते. या पेटीला रेडिओनेच घराबाहेर काढलं होतं. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी झाली. कारण सांगितलं गेलं ते असं, की ही पेटी परदेशी, तिचे बारा सूर एका ठोकळ साच्यात कापलेले, आपल्या श्रुती तिच्यात बसत नाहीत आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिला काढता येत नाही. रवींद्रनाथ टागोरांनाही ती आवडत नसे. आक्षेप खोटा नव्हता. पट्टीवर बोट पडलं की सूर ‘ठप्’ उभा राहतो, तो हळूच चढत नाही, उतरत नाही. पण तीस वर्षं बंदी असूनही पेटी देवळातून गेली नाही, कीर्तनातून गेली नाही, नाटकातून तर मुळीच गेली नाही. १९७१ साली बंदी सैल झाली. ज्यांना आक्षेप मनापासून पटला होता त्यांच्यातल्या काहींनी वाद्यच सुधारायला घेतलं. डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी तयार केली, ती याच वाटेवरची. माझं मत विचाराल तर, बंदी घालणाऱ्यांपेक्षा ही वाट जास्त कामाची.

आता रशियाकडे जाऊ. आपल्या पेटीचा तिथे एक जुना धागा आहे. सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीने अठराव्या शतकात एक कोडं घातलं होतं. माणूस आ, ए, ई, ओ, ऊ हे स्वर कसे काढतो ते समजावून सांगा, आणि ते स्वर काढणारं यंत्र बनवून दाखवा. १७८० साली हे बक्षीस ख्रिश्चन क्रात्झेनश्टाइन या प्राध्यापकाने मिळवलं. त्याच्या यंत्रात हवेने थरथरणाऱ्या मोकळ्या जिभा होत्या. चीनमध्ये तोंडाने फुंकायच्या वाद्यात तशी जीभ फार आधीपासून होती, पण युरोपात त्या जिभेचा शोध पुढे सरकला तो अशा प्रयोगांतून. १८४२ साली पॅरिसच्या आलेक्सांद्र देबेन यांनी हार्मोनियमचं पेटंट घेतलं, आणि तिथून ती जीभ कोलकात्यामार्गे आपल्या हातपेटीत आली. म्हणजे पेटीची पणजी माणसासारखं बोलायला शिकत होती! गाणाऱ्याच्या मागे बसायची तिची हौस जुनीच म्हणायची.

रशियात मोठ्या ऑर्गनची गोष्ट आपल्यासारखीच चर्चबाहेर घडली. तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये उपासनेला वाद्य चालत नाही, फक्त गळा चालतो. त्यामुळे कॅथलिक आणि ल्यूथरन चर्च सोडली तर ऑर्गन उभा राहिला तो मैफलीच्या सभागृहांत. मॉस्कोच्या संगीत विद्यालयाच्या मोठ्या सभागृहातला ऑर्गन पॅरिसच्या कावाये-कोल यांच्या कारखान्यातून आला आणि १९०१ साली वाजू लागला. आपल्याकडे नाटकाचं तिकीट काढून ऑर्गन ऐकायचा, तिथे मैफलीचं.

या देशात १९३१ साली, तातारस्तानातल्या चिस्तोपोल गावी सोफिया गुबैदुलिना यांचा जन्म झाला. वडील तातार, आजोबा मुल्ला, आई रशियन. लहानपण कझान शहरात गेलं. मॉस्कोत संगीत शिकल्या. परीक्षेला त्यांनी जी रचना सादर केली ती परीक्षकांना वाकड्या वाटेची वाटली. त्यांत दिमित्री शोस्ताकोविच हे त्या काळचे सर्वांत मोठे रशियन संगीतकार होते. त्यांनी सोफियाताईंना सांगितलं की आपल्या या चुकीच्या वाटेवरच चालत राहा. सोफियाताई ही गोष्ट आयुष्यभर सांगत. १९७९ साली सोव्हिएत संगीतकार संघाच्या अधिवेशनात, परदेशातल्या महोत्सवात परवानगीविना रचना वाजल्या म्हणून सात जणांची नावं जाहीरपणे घेऊन निंदा झाली. त्यात त्यांचं नाव होतं. रचना सादर व्हायच्या वाटा अरुंद झाल्या. पोटासाठी त्या सिनेमाला संगीत देत. त्यातली एक गोष्ट ऐकून तुम्ही हसाल. मोगलीचा जो रशियन कार्टूनपट १९६७ ते १९७१ या काळात पाच भागांत निघाला, त्याचं संगीत यांचंच. मोगलीची गोष्ट लिहिणारे किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मले, आणि मोगलीचं सिवनीचं जंगल म्हणजे आपल्या नागपूरच्या पेंचला लागून असलेला भाग. तेव्हा सोफियाताई आपल्या अगदीच परक्या नाहीत. १९९२ पासून त्या जर्मनीत हॅम्बुर्गजवळच्या खेड्यात राहिल्या आणि १३ मार्च २०२५ रोजी, ९३व्या वर्षी गेल्या.

ऑर्गनसाठी त्यांनी फार ढीगभर लिहिलेलं नाही. पण जे लिहिलं त्यात वाद्याच्या मूळ स्वभावालाच हात घातला. १९७६ सालची रचना एकट्या ऑर्गनसाठी आहे. तिच्या नावाचा अर्थ ‘उजेड आणि अंधार’. तिच्यात ताल धरून बसायला काही सापडत नाही, चाल गुणगुणता येत नाही. वरच्या सुरांत बारीक, चपळ, चमकणारे तुकडे आणि खाली एकमेकांना चिकटलेल्या सुरांचे जड ढग. आपल्याकडे पेटीवर चार शेजारच्या पट्ट्या एकदम दाबल्या तर बुवा डोळे वटारतील. त्या तसं मुद्दाम करतात, कारण त्यांना तिथे राग नको असतो, काळोख हवा असतो. १९७८ साली ऑर्गन आणि आघातवाद्यं एकत्र घेऊन त्यांनी ‘देत्तो एक’ रचलं.

१९७९ सालची ‘इन क्रोचे’ ही त्यांची रचना मला सगळ्यांत सोपी वाटते, कारण तिच्यात एक चित्र आहे. नावाचा अर्थ ‘क्रुसावर’. देवाधर्माचं नाव सरकारला खपत नव्हतं त्या काळात त्यांनी असं नाव दिलं. वाद्यं दोन, ऑर्गन आणि चेलो. चेलो म्हणजे गुडघ्यांमध्ये धरून गजाने वाजवायचं मोठं व्हायोलिन, आवाज पुरुषाच्या भरदार गळ्यासारखा. सुरुवातीला ऑर्गन अगदी वरच्या सुरांत असतो, लख्ख. चेलो अगदी खाली, जवळजवळ कण्हल्यासारखा. मग हळूहळू ऑर्गन उतरायला लागतो आणि चेलो चढायला लागतो. मध्ये दोघांच्या वाटा एकमेकींना छेदतात. कागदावर ती रेघ काढली तर फुली होते. तोच त्यांचा क्रूस. त्याच वर्षी कझानमध्ये, म्हणजे त्या लहानाच्या मोठ्या झाल्या त्याच शहरात, ही रचना पहिल्यांदा वाजली.

इथे आपला नाटकातला ऑर्गन आठवा. आपल्याकडे ऑर्गन गाणाऱ्याच्या पाठीशी उभा राहतो, त्याला पडू देत नाही. यांचा ऑर्गन चेलोच्या समोरून येतो, त्याला आडवा जातो. एकाच वाद्याच्या या दोन वागण्या आहेत, जशी सून आणि लेक एकच बाई असते तशा.

आणि आता ती गोष्ट जिच्यासाठी मी हा विषय घेतला. रशियात बायन नावाचं वाद्य आहे. गळ्यात अडकवून दोन्ही हातांनी उघड-मिट करायचा भाता, दोन्ही बाजूंना बटणं, आत आपल्या पेटीसारख्याच पितळी-पोलादी जिभा. खेड्यातल्या लग्नात, जत्रेत वाजणारं. मोठे संगीतकार त्याच्याकडे ढुंकून बघत नसत. सोफियाताईंनी १९७८ साली फ्रीडरिख लिप्स या बायनवादकासाठी ‘दे प्रोफुंदिस’ लिहिलं, अर्थ ‘खोल गर्तेतून’. त्यात काही ठिकाणी एकही सूर वाजत नाही. वादक फक्त भाता उघडतो आणि मिटतो. हवा आत जाते, बाहेर येते, आणि तो आवाज हुबेहूब दम लागलेल्या माणसाच्या श्वासाचा असतो. ‘इन क्रोचे’मधला ऑर्गनही पुढे त्यांनी बायनला दिला. मोठ्या सभागृहातलं काम त्यांनी जत्रेतल्या वाद्यावर सोपवलं, आणि ते त्याने पेललं.

आपल्या गटांमधल्या भजनी मंडळांचं बघा. टाळ बायकांच्या हातात, आवाज बायकांचा, ढोलकीवरही आता कुणी ना कुणी बसते. पेटीवर मात्र पुष्कळ ठिकाणी कुणाचे तरी काका बसलेले असतात, आणि काकांना त्या दिवशी ठाण्याला जायचं असलं की भजन कोरडं होतं. पेटी महाग पडते आणि तिला रोजचा रियाज लागतो, या दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. पण गटाच्या सामाईक पैशातून सतरंज्या आणि मोठी पातेली घेतो तशी एक जुनी, दुरुस्त केलेली पेटी घ्यायला काय हरकत आहे? घेतलीच तर एवढं पाहा की भाता कुठे फुसफुसत नाही. पट्टी न दाबता भाता भरून ठेवा; तो आपोआप लगेच बसला तर हवा गळते आहे. आपल्याकडे खाडीची दमट हवा, त्यामुळे पावसाळ्यात पेटी भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नका. आणि सूर चिकटू नयेत म्हणून रोज थोडी तरी वाजवा.

कुणाला हे सगळं ऐकून बघायचं असेल तर मी क्रम सांगते. आधी बालगंधर्वांचं कुठलंही नाट्यपद लावा, पण गाणं बाजूला ठेवून फक्त खालच्या ऑर्गनकडे कान द्या. मग ‘दे प्रोफुंदिस’. डोळे मिटून ऐकलंत तर श्वासाच्या जागा आपोआप सापडतील. शेवटी ‘इन क्रोचे’, पंधरा मिनिटांच्या आसपास आहे, भाकऱ्या थापता थापता ऐकू नका, आवाज फार बारीक होतो तिथे काही ऐकू येणार नाही. पहिल्यांदा ‘हे काय संगीत?’ असं वाटेल. वाटू द्या. फक्त एवढंच पाहा की वरचा सूर कधी खाली यायला लागतो.